जंतूचं नाव कार्डावर लिहा

आजीच्या महिन्याच्या मिस्सेला माझी मावसबहीण हैदराबादहून आली होती. मिस्सा झाली, कबरीवर फुलं ठेवून झाली, पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी आईनं कपाटातून ती पिशवी काढली. तुमच्याही घरात तशी एक असणारच. साडीच्या दुकानाची जाड पिशवी, आत एक्स-रे, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं, सगळं एकावर एक कोंबलेलं. आईनं ती ताईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "तू हेच काम करतेस ना गं? मग सांग की, आईला नेमकं झालं होतं काय?"

ताई मेडिकल कोडर आहे. बी.एस्सी. झाल्यावर कोर्स करून ती या कामाला लागली. अमेरिकेतल्या पेशंटच्या फायली रात्रपाळीत वाचायच्या आणि डॉक्टरनं लिहिलेल्या प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून येतात. तिला आयसीडी म्हणतात. सध्या बहुतेक ठिकाणी तिची दहावी आवृत्ती चालते, आणि अमेरिकेनं त्यात स्वतःची भर घालून २०१५ पासून ती वापरायला घेतली. संसर्गजन्य आजार हा त्या यादीतला पहिलाच धडा. ए आणि बी ही दोन्ही अक्षरं त्यालाच दिलेली आहेत. पटकी म्हणजे ए ००, विषमज्वर ए ०१, क्षय ए १५ च्या पुढे, घटसर्प ए ३६, डांग्या खोकला ए ३७. ही यादी ताईनं म्हणून दाखवली तेव्हा मला आधी काय जाणवलं सांगू? या सगळ्या जंतूंच्या आजारांना आपल्याकडे कधीपासून स्वतंत्र नावं आहेत. मुदतीचा ताप वेगळा आणि गाठीचा ताप वेगळा, हे आपल्या पणजीला कळत होतं.

ताईनं पेन्सिल घेतली आणि आजीचं पहिलं कार्ड उघडलं. तिथं ताप आणि यूटीआय एवढंच होतं. तिनं कोपऱ्यात लिहिलं, एन ३९.०.

"म्हणजे?"

"मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. नेमकी जागा सांगितलेली नाही."

"आणि जंतू कुठला?"

"लिहिलेला नाही."

दुसरं कार्ड सहा महिन्यांनंतरचं, दुसऱ्या हॉस्पिटलातलं. पुन्हा यूटीआय, पुन्हा एन ३९.०. खाली एक ओळ होती की युरिन कल्चर पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. तिसरा कागद मृत्यूच्या कारणाचा दाखला. पहिल्या ओळीत हृदय आणि श्वास बंद पडणं, दुसऱ्या ओळीत सेप्टिक शॉक, तिसऱ्या ओळीत युरोसेप्सिस. ताईनं पेन्सिल खाली ठेवली. "हृदय आणि श्वास तर सगळ्यांचेच बंद पडतात," ती म्हणाली.

तो छापील फॉर्म नंतर मी नीट वाचला. मृत्यू कशा पद्धतीनं आला ते लिहू नका, ज्या आजारामुळं किंवा इजेमुळं आला ते लिहा, अशी सूचना त्या फॉर्मवरच छापलेली असते. त्या सूचनेच्या शेजारीच ते शब्द लिहिले होते. चर्चच्या दफनवहीतही कारणाचा रकाना आहे. फादरनी विचारल्यावर बाबांनी "किडनी" सांगितलं होतं, आणि वहीत 'वृद्धापकाळ' असं लागलं. फादरना काय दोष देणार? आम्हालाच धड सांगता येत नव्हतं.

मी साहित्याची विद्यार्थिनी, मला या कोडांशी काय करायचंय, असं त्या संध्याकाळपर्यंत मलाही वाटलं असतं. पण ताई जे सांगत गेली ते सगळं भाषेबद्दलच होतं.

या यादीत कोडच्या शेवटी बऱ्याचदा आठ किंवा नऊ येतो. 'पॉइंट आठ' म्हणजे साधारणपणे 'इतर, पण नमूद केलेलं'. डॉक्टरनं आजार नेमका सांगितलाय, यादीत त्याला वेगळं घर नाही. 'पॉइंट नऊ' म्हणजे 'नमूद न केलेलं'. यादीत घर आहे, पण डॉक्टरनं पत्ता दिलेला नाही. ए ४९.९ हा कोड बघा. जिवाणूंचा संसर्ग, कुठं ते माहीत नाही, कुठल्या जिवाणूचा ते माहीत नाही. ए ४१.९ म्हणजे सेप्सिस, जंतू नमूद नाही. जे १८.९ म्हणजे न्यूमोनिया, तोही तसाच.

आता माझा मुद्दा. 'नमूद नाही' या एका शब्दात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी एकत्र झोपवल्या जातात. एक, डॉक्टरनं शोधलं आणि सापडलं नाही. दुसरी, डॉक्टरला माहीत होतं किंवा कळू शकत होतं, पण त्यानं लिहिलं नाही. पहिली प्रामाणिक आहे. दुसरीमुळं माणसं मरू शकतात. कार्डावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, आणि कोड झाल्यावर तर तो फरक कायमचा पुसला जातो.

मी ताईशी वाद घातला. म्हटलं, जंतूचं नाव कार्डावर नसेल पण लॅबचा रिपोर्ट फायलीत असेल, तर तिथून बघून लावायचं की. ती म्हणाली, "नाही लावता येत. आमच्यासाठी लॅबचा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरनं लिहिलं पाहिजे की याच जंतूमुळं हा आजार झाला." मला हे भयंकर वाटलं. वर्गात आम्हाला ओळींच्या मधलं वाचायला शिकवतात, आणि ही बाई समोरची ओळसुद्धा वाचायला तयार नाही! पण नियमामागचं कारण ऐकलं आणि मी गप्प झाले. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत जंतू पुष्कळदा काही त्रास न देता राहतात. ते सापडले म्हणून ताप त्यांच्यामुळंच आला असं होत नाही. जंतू असणं आणि जंतूनं आजार करणं यांच्यामधला 'मुळं' हा शब्दयोगी अव्यय फक्त डॉक्टर लिहू शकतो. कोडरनं तो स्वतःच्या मनानं घातला तर तो लेखकाच्या तोंडी वाक्य घालण्यासारखा गुन्हा. म्हणून ताई काय करते? डॉक्टरला प्रश्न पाठवते. तोही असा, की उत्तर सुचवलेलं दिसता कामा नये. 'ई. कोलायमुळं का?' असं विचारायचं नाही. कल्चरमध्ये हे आलंय, पेशंटला ही लक्षणं आहेत, याचा वैद्यकीय अर्थ काय ते कृपया नोंदवा, असं विचारायचं.

युरोसेप्सिस हा शब्द तर तिच्या कामात चालतच नाही. लघवीतला साधा संसर्ग म्हणायचाय की रक्तात पसरून अवयव निकामी करणारा सेप्सिस म्हणायचाय, हे त्या शब्दातून कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या कोडिंग नियमांत त्याला कोडच दिलेला नाही. डॉक्टर तो लिहितो तेव्हा कोडरनं त्याला परत विचारायचं असतं. 'बहुधा' या शब्दाची गंमत त्याहून मोठी. अमेरिकेच्या त्याच नियमांत, हॉस्पिटलात भरती असलेल्या पेशंटच्या डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरनं 'बहुधा न्यूमोनिया' लिहिलं तर तो न्यूमोनिया झाला असंच धरतात. ओपीडीत तेच लिहिलं तर न्यूमोनिया धरायचा नाही, फक्त खोकला, ताप ही लक्षणं धरायची. एकच क्रियाविशेषण, एका दारातून आत गेलं की 'हो', दुसऱ्या दारातून 'अजून नाही'. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण कुणी दिलं असतं तर मी झोपले नसते.

मिस्सेनंतरच्या आठवड्यात मी त्या दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, आजीचा कल्चर रिपोर्ट मागायला. तो आलेला होता. डिस्चार्जनंतर दोन दिवसांनी आला होता, आणि कुणीच नेला नव्हता. घ्यायला या, असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, ताप उतरला होता ना. रिपोर्टात ई. कोलाय होता, आणि साध्यासुध्या जातीचा नव्हता. ईएसबीएल नावाचं विकर तयार करणारा, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखी नेहमीची इंजेक्शनं तोडून टाकणारा. कुठल्या औषधांना तो दाद देतो त्यांची नावंही खाली होती.

चार महिन्यांनी आजी तिसऱ्या हॉस्पिटलात गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांपुढं काय होतं? यूटीआय असं लिहिलेली दोन कार्डं. त्यांनी सेफ्ट्रियाक्सोन सुरू केलं. समोर दुसरं काही नसताना पुष्कळ डॉक्टर तेच करतील. तिसऱ्या दिवशी रक्ताचं कल्चर आलं, तोच जंतू. औषध बदललं. पाचव्या दिवशी आजी गेली.

रिपोर्ट आधी मिळाला असता तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, साखर होती. पण ते तीन दिवस फुकट गेले, आणि ते वाचवायला फार तर दोन ओळी लागल्या असत्या. ताईनं त्या दोन ओळींचे कोड नंतर मला लिहून दाखवले. एन ३९.० म्हणजे कुठं. बी ९६.२० म्हणजे कोण. झेड १६.१२ म्हणजे त्याच्या अंगावर कसलं चिलखत आहे. तिन्ही एकापुढं एक ठेवले की पूर्ण वाक्य होतं. आजीच्या कार्डावर त्या वाक्यातला एकच शब्द होता.

आता डॉक्टरांची बाजू. माझ्या दोन मैत्रिणी एमबीबीएसला आहेत, त्यांनी हा लेख छापायच्या आधी वाचून मला पुष्कळ ऐकवलंय. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर पेशंटला घरी जायची घाई असते, बिल वाढत असतं. लोक गावातल्या दुकानातून आधीच दोन गोळ्या खाऊन येतात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. ओपीडीत पेशंटची रांग दारापर्यंत. कार्ड बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनियर डॉक्टर लिहितो, तोही छत्तीस तास जागा असताना. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मी प्रत्येकाच्या कार्डावर जंतूचं नाव हवं असं म्हणत नाही. जे माहीत आहे ते लिहा, आणि जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असं लिहा. 'कल्चर पाठवलं, वाढ नाही, आधी अँटिबायोटिक घेतलेलं होतं' ही ओळसुद्धा पुढच्या डॉक्टरला किती सांगते! 'कल्चर केलं नाही' हेही लिहा, त्यात लाज कसली. रिपोर्ट नंतर आला तर तो कार्डाला जोडायची जबाबदारी कुणाची, तेही ठरवा. मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "लिहायला वेळ नसतो गं." दोन ओळींना लागतो तेवढा वेळ नाही, हे मला पटत नाही.

हे दुखणं नवं नाहीच. इंग्रजांच्या काळात गावोगावच्या मृत्यूंची नोंद व्हायची, आणि कारणांमध्ये सगळ्यात मोठा ढीग असायचा 'ताप' या रकान्यात. मलेरिया, विषमज्वर, न्यूमोनिया, सगळं त्या एका शब्दात. नोंद करणारा गावचा माणूस होता, त्याला दुसरं काय कळणार? जगभरात हा गोंधळ निस्तरायला १८९३ मध्ये जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिचीच वंशज आजची आयसीडी. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून मृत्यूंबरोबर आजारही तिच्यात आले, आणि २०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू झाली. यादी अशी सुधारत गेली. आणि आपण? भिंतीवर चार डिग्र्या लावलेल्या हॉस्पिटलातूनही 'ताप, संसर्ग' एवढंच लिहून पेशंट घरी येतो.

यातून फक्त एका घराचं नुकसान होत नाही. २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळं जगात साधारण १२ लाख ७० हजार माणसं मेली, असा अंदाज लॅन्सेट या साप्ताहिकात २०२२ मध्ये छापून आला. तो अंदाजच आहे, कारण मोजायचं कशावरून? दाखल्यावर सेप्सिस लिहिलं आणि जंतू लिहिला नाही की आजी त्या मोजणीत 'नमूद नाही' म्हणून जाते. आपल्याकडे तर २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. त्यातही असे दाखले. २०२४ च्या जानेवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना पत्र काढलं की अँटिबायोटिक लिहाल तेव्हा ते नेमकं कशासाठी देताय तेही चिठ्ठीवर लिहा. मला ते पत्र फार आवडलं. आणि असं पत्र काढावं लागलं याचं वाईटही वाटलं.

एक सांगायला हवं, नाहीतर मी अमेरिकेची आरती करतेय असं वाटेल. तिथं डॉक्टरला एका शब्दासाठी प्रश्न पाठवला जातो त्यामागं पैसा आहे. १९८३ पासून तिथं सरकारी विम्यात निदानांच्या गटावरून हॉस्पिटलला ठरलेली रक्कम मिळते. साध्या यूटीआयपेक्षा सेप्सिसला जास्त. म्हणजे नेमकं लिहायची ओढ जशी वाढते तशी फुगवून लिहायचीही. ताई म्हणते, काही फायलींत सेप्सिस हा शब्द पहिल्या दिवशी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून गायब असतो. तेव्हाही ती प्रश्न पाठवते. मला खुपतं ते वेगळंच. हजारो मैलांवरच्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या जंतूचं नाव नोंदलं जावं म्हणून आमच्या घरातली मुलगी रात्री जागते, आणि तिच्या स्वतःच्या आजीसाठी असा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

आपण बेळगावकर भाषेसाठी भांडायला कुठंच कमी पडत नाही. पाटी कुठल्या लिपीत, बसवरचा बोर्ड कुठल्या भाषेत, यावर या गावात काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. मी त्यातल्या कशालाच हसत नाही, माझे आजोबा त्यात होते. पण हॉस्पिटलच्या पाटीवर काय लिहिलंय यावर वाद घालणारे आपण आतून हातात येणाऱ्या कार्डावर काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नाही. ते इंग्रजीत असतं, आपण बी.ए., एम.ए. झालेले असतो, आणि तरी घडी घालून पिशवीत टाकतो. निदान आपल्यासारख्या, दोन-तीन भाषा वाचता येणाऱ्या पोरांनी घरचं कार्ड तिथल्या तिथं, काउंटरवर उभं राहून वाचायला काय हरकत आहे? कल्चर पाठवलंय का, रिपोर्ट कधी, जंतू कुठला, कुठलं औषध चालत नाही, एवढंच बघायचं. कागद मागायला घाबरायचं कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं भरती झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. मला आजीचा रिपोर्ट अर्ध्या तासात मिळाला. देणाऱ्या बाईंनी उलट विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

गेल्या महिन्यात आईला तसाच ताप आला. चार दिवस हॉस्पिटलात काढले. कल्चर आलेलं होतं, तरी डिस्चार्ज कार्डावर पुन्हा तेच, यूटीआय. मी कार्ड घेऊन परत केबिनमध्ये गेले. "सर, यावर जंतूचं नाव नाही." डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, जरा वैतागलेच. "रिपोर्ट दिलाय की तुम्हाला." म्हटलं, "रिपोर्ट हरवतो सर, कार्ड राहतं." त्यांनी कार्ड ओढून घेतलं, यूटीआयच्या पुढं 'ई. कोलायमुळं' असं लिहिलं, खाली चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांची नावं लिहिली, सही केली. अर्धा मिनिटही लागला नसेल.

रिक्षात आई कार्ड उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "एवढंच विचारायचं होतं होय गं?"